शोनेन जंपची अमेरिकावारी

२६ नोव्हेंबर २००२ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला दोन दिवस उरलेले असताना, अमेरिकेतल्या पुस्तकांच्या आणि मासिकांच्या दुकानांत एक जाडजूड अंक येऊन पडला. किंमत पाच डॉलरला पाच सेंट कमी. आत पाच चित्रकथा, सगळ्या जपानी, सगळ्या ‘क्रमशः’. वर ‘युगिओ’ या खेळाचा एक पत्ता फुकट. निळ्या डोळ्यांचा पांढरा ड्रॅगन असलेल्या त्या पत्त्यासाठी शाळकरी पोरं वाटेल ते करायला तयार होती. सवयीनं डावीकडून अंक उघडणाऱ्याला एक पान दटावत होतं: थांबा, तुम्ही शेवटून वाचताय. गोष्ट सुरू होते उजवीकडून, उर्दू पुस्तकासारखी.

अंकावर महिना छापला होता जानेवारी २००३, आणि नाव होतं ‘शोनेन जंप’. पहिल्या अंकाच्या तीन आवृत्त्या काढाव्या लागल्या आणि तीन लाखांहून जास्त प्रती खपल्या. ज्या देशानं सुपरमॅन आणि स्पायडरमॅन जगाला दिले, तिथं परदेशी चित्रकथांचं मासिक असं उचललं जाईल हे पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं. आपल्याकडे तर ही वाहतूक नेहमी उलटीच होती. इंद्रजाल कॉमिक्समधून अमेरिकेचे वेताळ आणि मँड्रेक मराठी घरांत आले आणि आपलेच होऊन राहिले. अमेरिकेतली मुलं दुसऱ्या कुणाचं काही वाचतात असं आपल्या डोक्यातही आलं नव्हतं.

जपानमधला मूळ ‘शोनेन जंप’ १९६८च्या जुलैत निघाला, तोही पाक्षिक म्हणून. ‘शोनेन’ म्हणजे मुलगा, कुमार. बाजारात ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिकं १९५९पासून पाय रोवून उभी होती, आणि नावाजलेले चित्रकार त्यांच्याकडे. उशिरा आलेल्या शुएशा प्रकाशनाला नामवंत मिळेनात, म्हणून संपादक तदासु नागानो यांनी नवखी पोरं हाताशी धरली आणि त्यांना आपल्याशी करारानं बांधून घेतलं. वर्षभरात पाक्षिकाचं साप्ताहिक झालं.

या साप्ताहिकाचं खरं यंत्र म्हणजे अंकासोबतचं पोस्टकार्ड. या आठवड्यातल्या कोणत्या तीन गोष्टी आवडल्या ते वाचकानं त्यावर लिहून पाठवायचं. कार्डं मोजली जायची आणि त्यावरून गोष्टींचा क्रम ठरायचा. तळाला राहिलेली गोष्ट दहाएक आठवड्यांत गुंडाळली जायची, मग चित्रकार कितीही गुणी असो. प्रत्येकाला आठवड्याला साधारण १९ पानं द्यायची, वर्षानुवर्षं, आणि डोक्यावर पोस्टकार्डांची टांगती तलवार. या गोष्टींचा तो धावता, पुढच्या पानावर काहीतरी घडायलाच हवं असा बाज त्यातूनच आला. एरवी संथ असणाऱ्या लेखकालाही तिथं धावावंच लागे. मैत्री, प्रयत्न आणि विजय ही ‘जंप’ची त्रिसूत्री पुढे प्रसिद्ध झाली, पण मला विचाराल तर त्या तिन्हींच्या मागे पोस्टकार्डच उभं आहे.

अंकाचा कागद रद्दीतून केलेला, खरखरीत. त्याचा मळकेपणा झाकायला त्याला फिकट रंग दिलेला. लोक तो आगगाडीत वाचायचे आणि उतरताना टाकून द्यायचे. ज्याला गोष्ट आवडली तो नंतर तिची छोटी, चांगल्या कागदावरची पुस्तकं विकत घ्यायचा. प्रकाशकाची खरी कमाई त्या पुस्तकांत, आणि पुढे कार्टूनपट व खेळण्यांत. अंक स्वतः म्हणजे दर आठवड्याला होणारी परीक्षा. १९९४च्या अखेरीस त्याचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला. साडेबारा कोटींच्या देशात दर वीस माणसांमागे एक प्रत. मग १९९५मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ संपली, १९९६मध्ये बास्केटबॉलवरची ‘स्लॅम डंक’ संपली आणि खप गडगडला. २००२ उजाडेपर्यंत तो निम्म्यावर आला होता. घरातला बाजार आटू लागल्यावर माणूस उंबऱ्याबाहेर बघतो, आणि शुएशानंही तेच केलं असावं.

अमेरिकेत त्यांची वाट बघत होतं सॅन फ्रान्सिस्को.

या शहराचं आणि जपानी चित्रकथेचं नातं जुनं आहे. १९०४ साली तोत्तोरी प्रांतातून हेन्री योशिताका कियामा नावाचा तरुण इथं चित्रकला शिकायला आला. त्यानं स्वतःवर आणि तीन मित्रांवर ५२ भागांची चित्रकथा काढली आणि १९३१मध्ये पदरचे पैसे घालून सॅन फ्रान्सिस्कोतच प्रसिद्ध केली. श्रीमंतांच्या घरची भांडी घासणारे ते चार जपानी विद्यार्थी, १९०६चा भूकंप, वर्णद्वेषी कायदे, सगळं त्यात आहे. अर्धे संवाद जपानीत, अर्धे मोडक्यातोडक्या इंग्रजीत. अमेरिकन कॉमिकचं मासिक रूप अजून पुरतं ठरलेलंही नव्हतं तेव्हाचं हे काम. ते विस्मरणात गेलं. फ्रेडरिक शॉट या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, अभ्यासकानं त्याचं भाषांतर केलं ते १९९९मध्ये.

त्याच शहरात १९८६ साली सेइजी होरिबुची यांनी ‘विझ’ ही कंपनी काढली. होरिबुची टोकियोच्या वासेदा विद्यापीठातून शिकून १९७५मध्ये कॅलिफोर्नियात आले होते. पैसा शोगाकुकान या बड्या जपानी प्रकाशनाचा. (शुएशा ही मुळात याच शोगाकुकानमधून निघालेली संस्था. दोघी एकमेकींच्या स्पर्धकही आणि नात्यातल्याही.) १९८७मध्ये विझनं एक्लिप्स या अमेरिकन प्रकाशनाच्या साथीनं तीन मालिका पंधरवड्याला काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकाशकानं ‘लोन वुल्फ अँड कब’ आणली, फ्रँक मिलरच्या मुखपृष्ठांसह. समीक्षकांनी वाहवा केली. मुलांना मात्र पत्ताही लागला नाही.

ही पुस्तकं मुलांपर्यंत का पोहोचली नाहीत हे समजायला जरा मागं जावं लागेल. १९५४मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटच्या समितीनं सुनावणी घेतली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. भयकथा, गुन्हेकथा, सगळं साफ झालं. उरले मुख्यतः उडणारे नायक. पुढे सत्तरीच्या दशकापासून कॉमिक्स हळूहळू वाण्याच्या आणि औषधांच्या दुकानांतून उठली आणि खास कॉमिक्सच्या दुकानांत जाऊन बसली. तिथं जायचे ते मुरलेले शौकीन, बहुतेक पुरुष. मुलींनी तिथं पाऊल टाकायचं कारणच नव्हतं. विझची ३२ पानी चोपडी याच दुकानांच्या फळीवर, बत्तीस सुपरहिरोंच्या शेजारी.

त्यात वाचनाच्या दिशेची अडचण. जपानी पान उजवीकडून डावीकडे जातं. अमेरिकन वाचकाला सोयीचं पडावं म्हणून सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं छापायचे. त्यामुळे सामुराई डावखुरे झाले, आणि किमोनोचा पदर अशा बाजूला गेला की जपानी माणूस दचकावा, कारण तसा किमोनो प्रेताला नेसवतात. संवादांचे फुगेही उभट, कारण जपानी मजकूर वरून खाली लिहितात. त्या अरुंद फुग्यात आडवी इंग्रजी वाक्यं कोंबताना अक्षरं मांडणाऱ्याचा घाम निघायचा. शब्द तोडून तोडून खाली उतरवावे लागत. ‘धडाम’, ‘खळ्ळ’ असले आवाज तर चित्राचाच भाग असत. ते पुसून नवे रंगवायचे म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावर हात चालवणं.

विझनं मासिकं आधीही काढून पाहिली होती. १९९५मध्ये ‘मांगा विझन’, ते १९९८मध्ये बंद. १९९७मध्ये मोठ्यांसाठी ‘पल्प’, ते २००२मध्ये बंद. लॉस एंजेलिसमध्ये स्टू लेव्ही यांनी १९९७मध्ये ‘मिक्सझीन’ काढलं. त्यातली ‘सेलर मून’ मुलींना आवडली, म्हणून पुढे तिचं स्वतंत्र पुस्तक आलं. लेव्हींची कंपनी पुढे टोकियोपॉप झाली आणि २००२मध्ये तिनं एक हिशेबी डाव टाकला: चित्रं उलटी करायची नाहीत, जपानी पुस्तकाच्या जवळचाच छोटा आकार ठेवायचा, आणि किंमत सरसकट दहा डॉलरच्या आत. चित्रं उलटण्याचा खर्च वाचला आणि ‘अस्सल’ असल्याचा रुबाबही मिळाला. त्याआधी १९९८मध्ये विझनं ‘ड्रॅगन बॉल’ उजवीकडूनच छापली होती आणि मुलांनी कुरकुर न करता वाचली होती. मोठ्यांना वाटणारी अडचण मुलांना नसतेच बहुधा.

पण बाजार खरा उघडला तो दूरदर्शन संचानं. १९९८मध्ये ‘पोकेमॉन’ आलं, कार्टून नेटवर्कच्या ‘टूनामी’ कार्यक्रमात ‘ड्रॅगन बॉल झेड’ रोज दुपारी लागू लागली, २००१मध्ये ‘युगिओ’. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून संचापुढं बसणारी एक अख्खी पिढी या गोष्टींवर वाढली. या जपानी आहेत हे अनेकांना ठाऊकही नसेल. आता त्यांना त्याच गोष्टी कागदावर देणारा कुणीतरी हवा होता.

२००२मध्ये शुएशानं विझमध्ये भागीदारी घेतली आणि ‘शोनेन जंप’चं नाव अमेरिकेला दिलं. सॅन दिएगोच्या कॉमिक संमेलनापासून जाहिरातींचा धडाका सुरू झाला. ‘ड्रॅगन बॉल’चे निर्माते अकिरा तोरियामा हे फारसे कुठे दिसायचे नाहीत. मुलाखतीत स्वतःच्या चेहऱ्याऐवजी यंत्रमानवाचं चित्र देणारा माणूस. पण या मासिकासाठी ते चक्क न्यूयॉर्कला आले. पहिल्या अंकात त्यांची ‘ड्रॅगन बॉल झेड’ आणि ‘सँड लँड’, काझुकी ताकाहाशींची ‘युगिओ’, योशिहिरो तोगाशींची ‘युयु हाकुशो’ आणि एइचिरो ओदांची ‘वन पीस’ होती. ‘ड्रॅगन बॉल झेड’ तर अर्ध्यातूनच सुरू केली होती, आधीचा भाग विझनं छापून झाला होता म्हणून. पुढच्या काही अंकांत ‘नारुतो’ आणि ‘शमन किंग’ आल्या, वर्षभरानं गो या पटावरच्या खेळाची ‘हिकारू नो गो’.

गंमत म्हणजे त्याच हिवाळ्यात आणखी एक जपानी चित्रकथांचा अंक अमेरिकेत उतरला: ‘राइजिन कॉमिक्स’. त्यामागे होते नोबुहिको होरिए, म्हणजे ‘जंप’ ६५ लाखांवर गेला तेव्हाचे त्याचेच संपादक. ते शुएशातून बाहेर पडून स्वतःची कंपनी चालवत होते. त्यांनी अमेरिकेत थेट साप्ताहिक काढलं, जपानी चालीवर. ‘स्लॅम डंक’ त्यांच्याकडे, ‘सिटी हंटर’ त्यांच्याकडे. पण त्यांच्यामागे ना दूरचित्रवाणी होती ना मोठ्या दुकानांच्या साखळ्यांशी ओळख. साप्ताहिकाचं मासिक करावं लागलं आणि २००४मध्ये गाशा गुंडाळावा लागला. ‘स्लॅम डंक’ पुढे २००८मध्ये ‘शोनेन जंप’च्या पानांवरच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. जुन्या संपादकाच्या हातचा माल शेवटी जुन्याच पेढीवर आला.

होरिए हरले म्हणून मासिकाचा निर्णय शहाणपणाचा ठरला असं तेव्हा वाटलं, आणि चारपाच वर्षं तो होताही. अमेरिकेत आठवड्याला अंक पोहोचवायचा, न खपलेला परत घ्यायचा, हा खर्च परवडणारा नव्हता. मासिकाला निदान महिनाभर फळीवर जागा. जपानमध्ये २० गोष्टी, इथं पाच-सात. पण प्रत्येकीची दोन-तीन प्रकरणं एकदम. अंक तीनशेच्या आसपास पानांचा. मधल्या पानांत खेळांची, पत्त्यांच्या डावपेचांची माहिती, वाचकांनी काढलेली चित्रं. वर्गणीदारांना मधूनमधून पत्ते फुकट. पत्ते आणि नवे खेळ यांच्या ओढीनं आलेला मुलगा ‘वन पीस’ वाचायला लागला की संपादकांचं काम फत्ते.

एक गोष्ट मात्र जपानमधून इथं आलीच नाही, ती म्हणजे पोस्टकार्डाची सत्ता. अमेरिकन वाचकानं कितीही पत्रं लिहिली तरी गोष्ट कुठं वळायची हे टोकियोत केव्हाच ठरून गेलेलं असे. इथला अंक परीक्षा घेणारा नव्हता. निकाल लागलेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार करणारा होता. त्यामुळे त्यात नवं काही जन्मलं असं फार थोडं. अपवाद म्हणून ‘अल्टिमो’ सांगता येईल: कल्पना स्पायडरमॅनच्या स्टॅन ली यांची आणि चित्रं ‘शमन किंग’च्या हिरोयुकी ताकेइंची. ती गोष्टही आधी जपानमध्येच छापली गेली.

थोडी काटछाटही होतीच. ‘वन पीस’मधला तीन तलवारींचा झोरो इथं ‘झोलो’ झाला, मुखवटेवाल्या जुन्या झोरोशी गोंधळ नको म्हणून की काय. पुढे अनेक वर्षं तो विझच्या पुस्तकांत झोलोच राहिला आणि वाचक त्यावर चिडत राहिले. अंक तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती बिनधास्त देता यावा एवढा सोज्वळ ठेवायचा होता. ‘डेथ नोट’ जपानी ‘जंप’मध्ये गाजत होती तरी ती अमेरिकन मासिकात आली नाही, थेट पुस्तकरूपानं आली.

आता दुकानांकडे बघू. कॉमिक्सच्या अंधाऱ्या दुकानांऐवजी ही पुस्तकं बॉर्डर्स आणि बार्न्स अँड नोबल या मोठ्या, उजेडाच्या दुकानांत आली. शाळा सुटल्यावर मांगाच्या दोन फळ्यांमधल्या गल्लीत मुलं फळ्यांना पाठ लावून फरशीवर फतकल मारून बसलेली, मांडीवर पुस्तक, बाजूला वाचून झालेल्यांचा ढीग. गिऱ्हाइकाला त्यांच्या पायांवरून उडी मारून जावं लागे. अनेक दुकानांत हे रोजचं दृश्य होतं. आणि त्यांत मुली भरपूर होत्या. कित्येक दशकांनी अमेरिकन मुलगी पुन्हा चित्रकथा वाचू लागली होती. विझनं ते हेरून जून २००५मध्ये खास मुलींसाठी ‘शोजो बीट’ हे दुसरं मासिक काढलं, आई याझावांची ‘नाना’ त्याचं मुख्य आकर्षण. त्याच वर्षी विझ आणि शोगाकुकानची दुसरी अमेरिकन शाखा एकत्र होऊन ‘विझ मीडिया’ झाली.

सप्टेंबर २००५मध्ये कार्टून नेटवर्कवर ‘नारुतो’ सुरू झाली. वर्गात सगळ्यांनी टाळलेला, तरीही एक दिवस गावाचा मुखिया होणार असं बडबडणारा नारंगी कपड्यांतला निंजा. मासाशी किशिमोतोंच्या या पोरानं अमेरिकेतली सगळी गणितं बदलली. २००६मध्ये ‘नारुतो’च्या सातव्या भागाला क्विल पुरस्कार मिळाला. २००७च्या शेवटच्या चार महिन्यांत विझनं महिन्याला तीन-तीन करत एकदम १२ भाग बाजारात ओतले. त्या वर्षी अमेरिकेतल्या मांगाची विक्री २१ कोटी डॉलरपर्यंत गेल्याचा अंदाज ‘आयसीव्ही२’ या बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं दिला.

आणि तरीही मासिकाचा खप वाढत नव्हता. सुरुवातीला दहा लाखांची स्वप्नं बोलून दाखवली गेली होती. २००८मध्ये आकडा सव्वादोन लाखांच्याही आत होता. पुस्तकं धो धो खपताहेत आणि मासिक जागच्या जागी, हे कसं?

चार महिन्यांत १२ भाग ओतण्याची ती घाई का करावी लागली, याच प्रश्नात उत्तर आहे. पहिल्या अंकात ‘वन पीस’ पहिल्या प्रकरणापासून सुरू झाली तेव्हा जपानमध्ये ती पाच वर्षं पुढे होती. अडीचशेच्या आसपास प्रकरणं तिथं छापून झालेली. साप्ताहिकात महिन्याला साधारण चार प्रकरणं निघतात. अमेरिकन मासिक दोन किंवा तीन देणार. म्हणजे दर महिन्याला अंतर कमी होण्याऐवजी वाढणार. संपादकांनी कितीही जीव तोडला तरी हे गणित जमणारं नव्हतं. जी गोष्ट आठवड्याच्या ठोक्यावर लिहिली गेली, ती महिन्याच्या ठोक्यावर सांगायची, आणि तीही पाच वर्षं शिळी.

आणि वाचक तर आता वाट पाहायला तयार नव्हता. मांगाच्या शौकिनांच्या टोळ्या इंटरनेटवर बसल्या होत्या. जपानमध्ये ‘जंप’ सोमवारी विक्रीला येतो. पण काही दुकानांत आधीच्या आठवड्यातच गठ्ठे पोहोचतात. कुणीतरी एक अंक मिळवायचा, पानं फाडून स्कॅन करायची. दुसरा कागदाचा मळ आणि शाईचे डाग साफ करणार, तिसरा भाषांतर करणार, चौथा इंग्रजी अक्षरं बसवणार. गुरुवार-शुक्रवारपर्यंत नवं प्रकरण इंग्रजीत तयार, अनेकदा टोकियोतल्या सामान्य वाचकाच्याही आधी. सगळं फुकट, सगळं बेकायदा, आणि त्यातले बरेच लोक हे केवळ प्रेमापोटी करत होते. ज्या मुलाला ‘शोनेन जंप’नं ‘नारुतो’ची गोडी लावली, तोच मुलगा पुढं काय होतं ते बघायला तिकडं पळत होता. तिथून परत आल्यावर मासिकातला अंक त्याला जुन्या बातमीसारखा वाटणार नाही तर काय?

यात मी वाचकाला सरसकट चोर म्हणणार नाही. प्रकाशकानंच त्याला ताज्याची चटक लावली आणि ताटात कालचं वाढलं. चित्रकाराच्या कष्टाचा पैसा बुडत होता हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या आणि दहा वर्षं कुणालाच त्यावर उपाय सापडत नव्हता.

२००८ची मंदी आली. जुलै २००९च्या अंकानं ‘शोजो बीट’ संपलं, जेमतेम चार वर्षांत. ‘येन प्लस’ हे येन प्रेसचं मासिक २००८मध्ये निघालं आणि २०१०मध्ये त्याची छपाई थांबली. खुद्द जपानमध्येही १९७०पासून चाललेलं ‘मंथली शोनेन जंप’ २००७मध्येच बंद करून शुएशानं त्याजागी नवं मासिक आणलं होतं. महिन्याला एकदा येणाऱ्या अंकाचे दिवस फिरले होते.

विझनं शेवटची धाव घेतली ती २०१०मध्ये. जानेवारी ते जून, महिन्याला पाच, असे ‘वन पीस’चे २४ ते ५३ हे तीस भाग सहा महिन्यांत काढले. भाषांतरकार आणि अक्षरं मांडणाऱ्यांची त्या काळात काय अवस्था झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. मासिकातही गोष्ट एकदम पुढं उडवून जपानच्या जवळ नेली. त्याच वर्षी ‘वन मांगा’ हे चोरट्या प्रतींचं ठिकाण गुगलच्या जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या हजार ठिकाणांच्या यादीत झळकलं. जूनमध्ये ३६ जपानी प्रकाशक आणि काही अमेरिकन कंपन्या एकत्र आल्या, खटल्यांचा इशारा दिला, आणि जुलैअखेर ‘वन मांगा’नं सगळ्या गोष्टी उतरवल्या. दुसऱ्या दिवशी वाचक दुसरीकडे गेले.

मग २०११. फेब्रुवारीत बॉर्डर्सनं दिवाळखोरी जाहीर केली आणि सप्टेंबरपर्यंत उरलेली सुमारे चारशे दुकानंही बंद झाली. मांगाची सगळ्यात मोठी फळी गेली, तिच्याखालची फरशी गेली. मे महिन्यात टोकियोपॉपनंही अमेरिकेतलं प्रकाशन बंद केलं. त्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक संमेलनात विझनं सांगून टाकलं की ‘शोनेन जंप’ कागदावरून उठणार. ३० जानेवारी २०१२ला ‘वीकली शोनेन जंप अल्फा’ हा पडद्यावरचा साप्ताहिक अंक सुरू झाला, जपाननंतर दोनच आठवड्यांनी. छापील मासिक त्याच वसंतात, एप्रिलचा अंक काढून थांबलं. जानेवारी २०१३पासून ते दोन आठवडेही मिटले: टोकियोत आणि अमेरिकेत प्रकरण एकाच दिवशी.

हे आधीच का केलं नाही, असं आज विचारणं सोपं आहे. त्यासाठी शुएशाला आपली पानं छापण्याआधीच परदेशी पाठवायला राजी व्हावं लागणार होतं, विझला जपानी वेगानं भाषांतर करणारी माणसं तयार करावी लागणार होती, आणि वाचकाला पडद्यावर पैसे देण्याची सवय लागायची होती. यांतलं २००२मध्ये काहीच हाताशी नव्हतं. पण माणसं मासिकानं तयार केली, बाजार मासिकानं तयार केला, आणि ‘जंप’ हे नाव अमेरिकन मुलाच्या तोंडी मासिकानंच बसवलं. माझ्या मते त्या दहा वर्षांचा जमाखर्च तोट्याचा नाही. मासिक खपात कमी पडलं, वेगात तर फारच कमी पडलं, तरी अमेरिकन दुकानांत आज मांगाला ज्या लांबच लांब फळ्या मिळतात त्या त्यानंच रोवल्या.

डिसेंबर २०१८मध्ये विझनं साप्ताहिक अंक हा प्रकारही मोडीत काढला. नवी तीन प्रकरणं फुकट आणि महिन्याला एक डॉलर ९९ सेंट भरणाऱ्याला दहा हजारांहून अधिक जुनी प्रकरणं, दिवसाला शंभरपर्यंत वाचायची मुभा, अशी तेव्हाची सोय होती. ही सोय मिळणाऱ्या देशांच्या यादीत अमेरिका, कॅनडा, ब्रिटनबरोबर भारतही होता. जपानमध्ये सोमवार सुरू होतो तेव्हा ‘वन पीस’चं नवं प्रकरण खुलं होतं; आपल्याकडे तेव्हा रविवारी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.